आ आणि ई

माझी भाची मुक्ता डोळ्यांवर पट्टी बांधून रंगीत क्यूब सोडवते. परवा तिच्या स्पर्धेला मी गेले होते. पट्टी बांधण्याआधी क्यूब नीट बघून घेता येतो. पण इतके रंग लक्षात कसे राहणार? म्हणून तिनं प्रत्येक तुकड्याला एक अक्षर दिलंय. न आणि थ लागोपाठ आले की नथ, ग आणि ज आले की गज. मग हत्तीला नथ घालायची, त्याला पळवत न्यायचं. ती वेडगळ गोष्ट आठवत गेलं की बोटांना वाट सापडते.

क्यूब बरोबर सुटला, पण मध्येच तिची बोटं थांबली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "विसरलीस का गं?"

"नाही मावशी. आ आणि ई आले."

तिची आई, माझी धाकटी बहीण, गेल्या वर्षी गेली.

"मग बदल ना ती अक्षरं."

"बदलून पाहिली. तरी आईच येते."

"तिला काय करायला लावतेस?"

"काही नाही. बाकीच्यांना पळवते, आपटते. तिला नुसतं दारात उभं करते."

मला बहिणीचा चेहरा आठवायला हल्ली फोटो बघावा लागतो. प्रत्येक क्यूबनंतर आधीची गोष्ट पुसून टाकावी लागते, नाहीतर ती पुढच्या गोष्टीत मिसळते, असं मुक्तानंच मला सांगितलं होतं. दारातल्या आईला कशी पुसतेस, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं, आणि ती पट्टी घेऊन आत गेली.