काकांचं पार्लमेंट आणि परसातली विहीर

बोरघाटाच्या खाली राहून विलायतेच्या पार्लमेंटात मुक्काम ठोकलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा काका होता. देहानं ते कर्जतला असत, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, भावाच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या एकत्र घरात. पण सकाळी तोंड धुऊन ओटीवर वर्तमानपत्र उघडलं की त्यांचा जीव थेट लंडनला. तिकडच्या हकिकती इकडे छापून येईपर्यंत शिळ्या झालेल्या असायच्या, हे काकांना मुळीच मान्य नव्हतं. आपण वाचल्याशिवाय तिकडचा वाद संपत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. एका पावसाळ्यात नेरळजवळ रूळ पाण्याखाली गेले आणि मुंबईचं टपाल अडकलं, तेव्हा "बिचारे अजून उभेच असतील हो," म्हणून ते जेवताना हळहळले होते.

त्या काळात पार्लमेंटात आयर्लंडच्या कुळांच्या हक्कांवरून रणं माजत होती. कुळाला जमिनीवरून उठवावं की नाही, खंड किती घ्यावा, यावर काका इतके तळमळत, की परकं माणूस समजे यांचीच शेती तिकडे आहे. ठाकूरवाडीचा एक म्हातारा लाकडाची मोळी घेऊन येई. काकांनी त्यालाही ओटीवर बसवून आयर्लंडचा सगळा प्रश्न समजावून सांगितला. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तित भात होतो का?" काका म्हणाले, "नाही. बटाटे." म्हातारा मोळी उचलत म्हणाला, "मंग कशापायी भांडतात?" काका त्यावर दोन दिवस विचार करत होते. एकदा आम्ही सगळे जवळच्या कोंडाण्याची बौद्ध लेणी पाहायला गेलो, तर दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा पाहून काका दारातच थबकले. "या बाजूला सरकार पक्ष, त्या बाजूला विरोधी पक्ष," ते हलक्या आवाजात म्हणाले, "भिक्षूंना सगळं ठाऊक होतं." आणि त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

अशा माणसानं घरात पार्लमेंट काढलं नसतं तरच नवल. ओटीवर सभा भरे आणि घरातल्या प्रत्येक प्रश्नावर रीतसर वाद होई. अध्यक्ष मी. मी पनवेलच्या कचेरीत साधा कारकून, पण काकांनी मला बिनविरोध नेमलं. त्यांचं म्हणणं असं, की जावयाला सासुरवाडीत मत नसतं आणि त्याचा अपमानही करता येत नाही, अध्यक्षाला याहून जास्त काय लागतं? मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा माझ्या हातात आली. सभा निघाली की पनवेलला पोस्टकार्ड यायचं आणि मी पाहुणचाराच्या आशेनं निघायचो. बायकांनाही मत होतं. "पाणी भरायचं त्यांनी, चूल फुंकायची त्यांनी आणि हात वर करायचा आपण, हे विलायतेत चालत असेल, कर्जतात चालणार नाही," असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पण या पार्लमेंटाचा खरा कायदा निराळाच होता आणि तो लंडनलाही नव्हता. ज्याचा ज्यात फायदा किंवा जीव, त्यानं त्या बाजूनं बोलायचं नाही. बोलायचं उलट बाजूनं, मत मात्र मनाला येईल तसं द्यायचं. "स्वतःच्या पोटासाठी तर बैलसुद्धा हंबरतो, त्याला वाद म्हणत नाहीत," असं काका म्हणत. या कायद्याचे चटके सगळ्यांत जास्त त्यांनाच बसले. एकदा सणाला पुरणपोळी करावी की नाही, हा प्रश्न आला. काकूंना चुलीपुढे बसायचा कंटाळा, म्हणून त्या पोळीच्या बाजूनं दोन शब्द बोलल्या. काकांचा जीव पोळीवर, म्हणून त्यांना विरोधात बोलावं लागलं. ते पचनशक्तीवर असं काही बोलले, की सभेनं पुरणपोळी एकमुखानं फेटाळली. सणाच्या दिवशी पिठलं गिळताना काका स्वतःच्याच भाषणातली वाक्यं आठवून मान डोलावत होते. काकू मात्र पदरात तोंड लपवून हसत होत्या.

परसात दोन खोल्या बिऱ्हाडांना दिलेल्या होत्या. एकीत सगुणा राहायची. तिचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो घाटात कामावर असतानाच गेला. त्यानंतर त्याच गँगच्या माणसांना भाकऱ्या भाजून देऊन ती पोट भरत होती. एका पायानं अधू, त्यामुळे नदीवरून पाणी आणणं तिला जमण्यासारखं नव्हतं. परसातल्या विहिरीवरच तिचा सगळा संसार होता. एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. माझ्या सासऱ्यांनी माणसं लावून गाळ काढला, कठडा बांधला, आणि आता बिऱ्हाडकरूंनी पाण्यावर पट्टी द्यावी असं काढलं. माणूस वाईट नव्हता, पण पदरचा खर्च झाला की त्यांना रात्री झोप यायची नाही. सगुणेला ती पट्टी झेपणार नव्हती. खोली सोडून खालापूरकडे भावजयीच्या दारात जाऊन बसायचं, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं, आणि ती भावजय कशी होती हे सगळ्या कर्जताला माहीत होतं.

मला पोस्टकार्ड आलं. लंडनमध्येही घरोघरच्या पाण्याच्या दरावर तेव्हा वाद चालला होता, म्हणून काका फुलून गेले असतील असं मला वाटलं. पण ओटीवर गेलो तर चेहरा उतरलेला. कारण उघड होतं. सगुणा त्यांची लाडकी, पट्टी बसू नये हे त्यांच्या मनात, आणि म्हणून पट्टीच्या बाजूनं बोलणं त्यांच्या नशिबी आलं होतं. मी कानाशी लागून म्हणालो, "काका, आजच्या दिवस कायदा राहू द्या." ते म्हणाले, "जावईबापू, आवडत्या माणसासाठी वाकवला, तर नावडत्यासाठी तो उरेल काय?"

आधी सासरे उठले. कायद्यानं त्यांना सगुणेच्या बाजूनं बोलणं भाग होतं. "सगुणेला पाणी लागतं. ते मिळावं," एवढं बोलून ते खाली बसले. मग सगुणा भिंतीला धरून उभी राहिली. "मालकांनी गाळ काडला, कट्टा बांदला. आमी रोज भरतो. पट्टी द्याया पायजे," ती म्हणाली आणि पदराशी चाळा करत राहिली. मग काका उठले. सुरुवातीला शब्द अडखळत होते. पण भाषणाची एकदा गोडी लागली की काकांना आपण कुठल्या बाजूला आहोत याचं भान राहत नसे. पाणी देवाचं असेल, पण दोर, कप्पी आणि कठडा माणसाचा आहे, असं ते म्हणाले. लंडनमध्ये लॉर्डसुद्धा पाण्याचे पैसे मोजतो, असं म्हणाले. मध्येच पार्लमेंटातल्या रिवाजानं स्वतःलाच "ऐका, ऐका" म्हणाले. मी घंटा वाजवून मतं घेतली, तर सासऱ्यांचा हात वर, काकूंचा वर, शेजारच्या बिऱ्हाडाचा वर, आणि सगुणेचासुद्धा वर.

"तू कशाला गं हात वर केलास?" काकू चिडून म्हणाल्या.

"काकांचं आयकून माजी मलाच लाज वाटली," सगुणा म्हणाली. "खरं तेच बोललं ते."

विरोधात एकच हात होता, काकांचा. तो त्यांनी बराच वेळ खाली घेतला नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कप्पीच्या आवाजानं मला जाग आली. परसात जाऊन पाहतो तर काका धोतराचा काचा मारून पाणी शेंदत होते. ज्यांनी जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, ते! पोहरा एकदा विहिरीत पडला होता, दोर हाताला काचला होता, आणि अर्धी घागर त्यांच्याच अंगावर सांडली होती. उरलेली त्यांनी सगुणेच्या दारात नेऊन ठेवली. "ठराव काय आहे, अध्यक्ष?" ते धापा टाकत म्हणाले. "बिऱ्हाडकरूनं काढलेल्या पाण्यावर पट्टी. मालकानं काढलेल्या पाण्याविषयी सभेनं काही ठरवलेलं नाही."

सगुणा दारात येऊन रडकुंडीला आली. "काका, नका वं असं करू. लोक मला काय म्हनतील?"

"हरकत नामंजूर," काका म्हणाले आणि दुसरी घागर घेऊन निघाले.

थोड्याच दिवसांत सासऱ्यांना ते पाहवेना. पट्टी रद्द करावी, असं त्यांनीच सभेपुढे आणलं. पण रद्द झाली तर काकांची पाण्यातून सुटका, म्हणजे फायदा काकांचा, म्हणून काका विरोधात बोलले. एका म्हाताऱ्याच्या तळहातासाठी ठराव बदलू नयेत, असं ते इतकं सुंदर बोलले की सगळ्यांचे डोळे भरून आले आणि पट्टी कायम राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. विहिरीला पाणी भरपूर झालं, सासरे पट्टीचं नावही काढीनासे झाले, पण कागदावर नसलेला तो ठराव काकांच्या डोक्यात पक्का होता. सगुणा कुठेही गेली नाही आणि काकांची पहाटही चुकली नाही.

मग एका हिवाळ्यात पोस्टकार्ड आलं, ते काकूंच्या अक्षरात. "सभा आहे, लवकर या," एवढंच. काका माजघरात अंथरुणावर होते आणि अगदी वाळून गेले होते. परसात सासरे मुकाट्यानं सगुणेची घागर भरत होते, मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. काकांनी उशाखालची घंटा माझ्या हातात दिली आणि पट्टी रद्द करायच्या ठरावासाठी सगळ्यांना बोलावलं.

सगुणा उभी राहिली. "पट्टी जावी असं माज्या मनात हाय," ती म्हणाली. "म्हंजे मला इरोदात बोलायचं. पर माज्यानं होत नाय. काकाच बोलतील." आम्ही सगळे काकांकडे पाहू लागलो. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी मला प्रवासाची, पनवेलची, पोराबाळांची विचारपूस केली होती. आवाज बारीक होता, पण होता. आता ते नुसते आढ्याकडे पाहत पडून राहिले. मी वाट पाहिली. मग घंटा वाजवली. सगळे हात वर गेले. काकांचाही गेला, आणि दोरानं घट्टे पडलेला तो तळवा मला पहिल्यांदा नीट दिसला.

सगुणा लंगडत परसात गेली. इतक्या वर्षांनी तिनं स्वतः पाणी काढलं आणि तांब्या आणून काकांच्या ओठांना लावला. ते प्यायले.

काकांनंतर ओटीवर सभा भरली नाही. बैलाची घंटा अजून माझ्याकडे पनवेलला आहे. त्या घरात मला कधी मत नव्हतं. असतं, तर त्या दिवशी पट्टी कायम राहावी म्हणून मी हात वर केला असता, म्हणजे "हरकत नामंजूर" म्हणायला तरी काका एकदा बोलले असते.