गायरानाची माती

“गायरान गुरांसाठी असतं. तिथं तुम्ही चरता, तेवढं बास. आता माती चांगली म्हणून आम्हालाच शिकवून राह्यली का?”

विज्ञानाचे सर भर वर्गात असं म्हणाले आणि त्यांनी माझ्या प्रकल्पवहीतल्या निष्कर्षावर लाल फुली मारली. वर्ग खदाखदा हसला. मी नववीत होते.

प्रकल्प साधा होता. पत्र्याचे दोन डबे. एकात सरपंचाच्या मळ्यातली माती, दुसऱ्यात आम्ही कसतो त्या गायरानातली. दोन्हीत सोयाबीनचे वीस-वीस दाणे. सरपंचाच्या मातीत अकरा उगवले. आमच्या मातीत सतरा. मी तेच लिहिलं, की गायरानाची माती पिकाला योग्य आहे. तिथं काही पिकत नाही, जागा सोडा, असं गाव आम्हा भीमनगरच्या लोकांना उठताबसता सुनावायचं. म्हणूनच तर मी प्रयोग केला होता.

“लिही,” सर म्हणाले. “गायरानाची माती निकस असून पिकास अयोग्य आहे.”

“सर, पण निरीक्षणात सतरा...”

“निरीक्षण कोण वाचतंय? प्रात्यक्षिकाचे मार्क माझ्या हातात हैत.”

मी लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं. त्याची लाज अजून जात नाही.

घरी माय म्हणाली, “वाच की, काय लिवलं.” वाचलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. “मंग आठ वर्सं तळ्याचा गाळ डोक्यावर आणला, तो काय झक मारायला?”

खरंच होतं. त्या मुरमाड रानातले दगड तिनं आणि बापानं वेचले होते. ती माती त्यांनी केली होती. आणि मी तिला नापास करून आले होते.

ती वही आणि डबे सरांनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायला लावले. तिथं परीक्षक बाईंनी विचारलं, “निष्कर्ष काय?” सर मागेच उभे. मी दोन्ही डबे पुढं सरकवले.

“बाई, वहीतला निष्कर्ष खोटा आहे. डबे बघा. रोपं मोजा.”

सरांनी दंडाला करकचून चिमटा काढला. “पोरगी घाबरली, मॅडम.”

मी हात झटकला. “न्हाई घाबरले. तुम्ही सांगितलं आन् मी लिवलं.”

बाईंनी डबे पाहिले आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. नंबर आला नाही. परतीच्या जीपमध्ये सर म्हणाले, “दहावीला बघतो तुला.”

मी वही मांडीवर घेतली आणि ते वाक्य त्यांच्यादेखत खोडलं. बघा, सर. मार्क तुमचे, तुमच्याजवळच ठेवा. जे मी पाहिलं नाही, ते माझा हात पुन्हा लिहिणार नाही.