दाराचे माप घेणारे हिवाळे साहेब

भीमराव हिवाळे साहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मी चार गोड शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने कळवले. शब्द लिहितो, गोडीची हमी देत नाही. साहेबांबरोबर एकाच सेवा क्लबात बारा वर्षे काढलेल्या माणसाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

आमची पहिली भेट एका वॉटर कूलरपाशी झाली. मी नवा सदस्य. कात्रीचे तबक धरण्याचा मान मला मिळाला होता. बसस्थानकावर कूलरला हार घातला, फीत कापली, टाळ्या झाल्या. एवढ्यात कूलरच्या मागून आवाज आला, "याचा प्लग कुठं लावायचा?" एसटीच्या कार्यशाळेतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ उकिडवे बसून भिंत चाचपत होते. भिंतीला सॉकेटच नव्हते.

"ते नंतर बघू," तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले.

"नंतर कोण बघणार, त्याचं नाव सांगा."

अध्यक्षांनी फोटोग्राफरला हाक मारली. दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊन साहेबच आले. उद्घाटनाच्या फोटोत मात्र ते नाहीत. ते कूलरमागे होते.

आमची सेवा मंचावर सुरू होते आणि जेवणाच्या रांगेत संपते. साहेबांची सेवा त्यानंतर सुरू होते. वाटप झाले, की दोन महिन्यांनी ते स्वतःच्या स्कूटरवर घरोघरी जातात आणि दिलेली वस्तू चालते का, ते पाहतात. गाडी आगारातून सुटली म्हणजे काम संपले, असे त्यांना नोकरीत कोणी शिकवलेच नसावे. पाहतात ते पाहतात, वर साप्ताहिक बैठकीत सांगतात. परतूरच्या आजोबांचे श्रवणयंत्र बॅटरीवाचून डब्यात पडले आहे, अमुक बाईंच्या शिलाई मशीनवर टीव्ही ठेवला आहे. हे ऐकल्यावर ताटातला गुलाबजाम गळ्याखाली उतरत नाही.

घरीही सुटका नाही. माझ्या आईला चालण्यासाठी कोणाचा तरी वापरलेला वॉकर आणल्याचे त्यांना कळले. न बोलावता आले, वॉकर उलटा केला, झिजलेली रबरी बुचे काढून नवी बसवली आणि फरशीवर घसरतो का, ते स्वतः धरून पाहिले. ते गेल्यावर आई म्हणाली, "तुमच्या क्लबात हा एक माणूस कामाचा हाय." मी त्या वेळी क्लबाचा सचिव होतो.

पण माझा खरा राग वेगळ्या कारणासाठी आहे. जालन्यात मस्तगडच्या एका बोळात सुमनताई राहतात. लहानपणीच्या पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. त्या साड्यांना फॉल-पिको करतात. जुन्या जालन्यातल्या कापड दुकानांतून साड्या आणायच्या, तर दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहायची. कोणी आणून देईल तेवढेच काम. क्लबाने त्यांना हाताने दांडा फिरवून चालवायची तीनचाकी सायकल दिली. ती दारातून आत जाईना. बोळात ठेवली, तर आधी घंटी गेली, मग सीट, मग एक चाक. साहेबांनी दाराचे माप घेऊन बैठकीत वाचून दाखवले. आम्ही त्यांचे आभार मानून पुढचा विषय घेतला.

पुढच्या वर्षी मी अध्यक्ष झालो. आमच्या भागातल्या साऱ्या क्लबांचे प्रमुख असलेल्या प्रांतपालांच्या अधिकृत भेटीच्या दिवशी नव्या सायकली वाटायचे ठरले. उत्कृष्ट प्रकल्पाचा पुरस्कार जवळजवळ खिशात होता. यादीत सुमनताई होत्या आणि सायकल पुन्हा त्याच मापाची होती. साहेबांचे तीन फोन आले. मी तिन्ही वेळा "बघतो" म्हणालो.

सुमनताईंचे नाव पुकारले. सायकलीला चावी नसते, तरी फोटोसाठी आम्ही पुठ्ठ्याची हातभर चावी बनवली होती. प्रांतपाल ती देणार, इतक्यात साहेब मंचावर चढले आणि मागच्या दोन चाकांवर टेप धरली.

"ही सायकल यांना द्यायची न्हाई."

"साहेब, पाहुणे उभे आहेत," मी दात आवळून म्हणालो.

"राहू द्या उभे. त्यांना उभं राहता येतं."

मी आशेने सुमनताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, काका म्हणून राह्यले ते बराबर हाय. मागची बी अशीच दिल्ती. मला फोटो न्हाई, गाडी पायजे."

पुरस्कार दुसऱ्या क्लबाला गेला. मी महिनाभर साहेबांशी बोललो नाही. ते त्या काळात वेल्डिंगच्या दुकानात असल्याने त्यांच्या हे लक्षातही आले नाही. त्यांनी सायकलीचा आस कापून घेतला. अरुंद गाडी कलंडू नये म्हणून सीट खाली घेतली. स्वतः बसून बोळातून चकरा मारल्या. मग मला फोन केला, "अध्यक्ष, जल्दी या. बघायला माणूस पायजे."

गेलो. दारातून जाताना गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जागा राहिली. सुमनताई स्वतः दांडा फिरवत आत गेल्या आणि आतून कडी लावली. मग उघडली. पुन्हा लावली. आम्ही दोघे बोळात उभे होतो. फोटोग्राफर आणायला मी विसरलो होतो, ही त्या वर्षातली दुर्मीळ घटना.

या सोहळ्यात साहेबांना मानपत्र सुमनताईंच्या हस्ते द्यावे, अशी कल्पना मी मांडली. फोटो चांगला आला असता. निमंत्रण द्यायला गेलो, तर तेवढ्यात त्यांना दोन दुकानांचे फोन आले.

"काकांचा सत्कार हाय, पण मला जमणार न्हाई हो. लगनसराई हाय. तीन दुकानं फिरायचीत, साड्यांचा ढीग पडलाय. काकांना सांगा, रागवू नका म्हणावं."

मी पडलेल्या चेहऱ्याने साहेबांना निरोप दिला. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मोठ्याने हसताना पाहिले. "मंग! बराबर हाय तिचं. तिला बिलकुल परत विचारू नका."

साहेब, आपणांस उदंड आयुष्य लाभो आणि गुडघे शाबूत राहोत. दारापुढे उकिडवा बसणारा दुसरा सदस्य आमच्याकडे तयार व्हायला बरीच वर्षे लागतील. आपल्या शंभरीचा सत्कारही आम्ही थाटात करू. ज्यांच्यासाठी आपण राबलात, त्यांच्यातल्या एकालाही त्या दिवशी यायला सवड नसो.