मधल्या पोराचा फंड

आमच्या फंडाच्या कमिटीच्या मिनिट्समध्ये 'यावर सविस्तर चर्चा झाली' असं वाक्य दिसलं, की समजायचं, तिथं काहीतरी भलतंच झालेलं आहे आणि मी ते लिहिलेलं नाही. मी सेक्रेटरी. आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. पण सेक्रेटरी झाले ती त्यामुळे नाही, कमिटीत बाई मी एकटीच म्हणून. "मॅडमचं अक्षर चांगलं हाये," असं एकमतानं ठरलं. माझं अक्षर तोवर कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं! तर असं न लिहिलेलं इतकं साचलंय, की आता कोणाला तरी सांगावंच लागणार.

आधी फंड कुठला ते सांगते. माझ्या आधी आमच्या कॉलेजात नरहरी सर स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. जाताना स्टेशनजवळचं घर त्यांनी या विषयाच्या पोरांच्या नावे करून ठेवलं. ते विकून आलेल्या पैशाच्या व्याजातून पुस्तकं आणायची, गावात एक छोटी कॉन्फरन्स भरवायची आणि दर वर्षी एका विद्यार्थ्याला मोठ्या कॉन्फरन्सला पाठवायचं. वसीयतनामा एका पानाचा. त्यातलं एकच वाक्य आम्हाला नडलं: 'पहिल्या नंबराच्या पोराला देऊ नये, त्याला सगळेच देतात. मधल्या पोराला पाठवावे.'

सरांना म्हणायचं होतं, मार्कांच्या यादीत जो बरोब्बर मध्ये येतो तो. वर्गात हेच तर शिकवत आयुष्य गेलं त्यांचं! पण नोटीस काढली कमिटीतल्या पेशकार काकांनी. काका तहसील कचेरीतून रिटायर झालेले. त्यांनी लिहिलं: 'मधल्या पोरांनी दरखास्त करावी.'

झालं! जिल्ह्यातले सगळे मधले भाऊ उठले. रेशन कार्डाच्या झेरॉक्स घेऊन आले. भैंसाहून एक जण तर मोठ्या आणि धाकट्या भावाला सोबत घेऊनच आला. "हा मोठा, हा लहाना, आन मी हा मधी. पाहून घ्या!"

काकांनी तिघांना रांगेत उभं करून खरंच पाहून घेतलं. मी विचारलं, "स्टॅटिस्टिक्स घेतलंय का तुम्ही?"

"नाही जी," तो म्हणाला, "माझं दुधाचं हाये."

तो गेल्यावर काका गंभीर होऊन म्हणाले, "मॅडम, दोन भाऊ आन मधी बहीन असंन, तं पोट्टी मोजायची का नाही?" त्यावर मी जे बोलले, ते मिनिट्समध्ये नाही. सविस्तर चर्चा झाली.

*

मधला म्हणजे मार्कांतला मधला, हे एकदाचं सगळ्यांना समजलं. मग दुसरीच गंमत सुरू झाली.

एक दिवस आमच्या टॉपर पोरीचे वडील घरी आले. हातात पेढ्यांचा डबा. म्हटलं, पहिली आली म्हणून आणले असतील. तर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी दिसते हुशार. पन तशी नाही हो! आतून साधीच हाये."

"अहो, सगळ्या पेपरात पहिली आहे ती."

"ते पाठांतर हो! गैरसमज नका करून घेऊ."

स्वतःच्या लेकीची इतकी बदनामी करताना मी कुठल्याच बापाला पाहिलं नव्हतं. पेढे मात्र चांगले होते.

*

पुढच्या वर्षी पोरं शहाणी झाली. मधलं यायचं तर अर्धाच पेपर सोडवायचा, असं एकेकानं गुपचूप ठरवलं. प्रत्येकाला वाटलं, ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली! गणेश नावाच्या एका पोरानं तर रीतसर मागच्या वर्षांचे मार्क काढले, हिशेब केला, नेमके तेवढेच प्रश्न सोडवले आणि उरलेला वेळ हाताची घडी घालून बसला.

निकाल लागला. सगळ्यांनीच पेपर सोडून दिलेले, त्यामुळे मधला आकडा धाडकन खाली आलेला. गणेश वर्गात पहिला आला!

पोरगं ढसाढसा रडलं हो. पहिला आल्याबद्दल त्याचं सांत्वन करायला मला चहा पाजावा लागला.

*

एका वर्षी वर्गात पोरं समसंख्येत निघाली. म्हणजे मध्ये एक नाही, दोन. मी कमिटीला समजावून सांगितलं, की अशा वेळी दोघांच्या मधला आकडा काढतात.

आमचे चेअरमन किसनशेठ. त्यांची कापसाची जिनिंग फॅक्टरी आहे. शेठ म्हणाले, "आकडा निघते, ते मान्य. पन दोघाच्या मधलं पोट्टं कुठून आनू?"

पेशकार काकांनी डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. "सोपं हाये. एकाला जायाचं तिकीट द्या, दुसऱ्याला यायाचं!"

शेवटी मी दोघांना पाठवलं आणि वर्षभर दोघांशी भांडले. कमिटीतल्या दोघांशी म्हणते मी.

*

गावातली कॉन्फरन्स भरवायची होती तेव्हाची गोष्ट. तेलुगूत आमच्या विषयाला सांख्यक शास्त्र म्हणतात, मराठीत सांख्यिकी. फ्लेक्सवाल्यानं दोन्हींतून सोयीचं तेवढं उचललं आणि चौकात लावलं: 'भव्य सांख्य संमेलन'. ते वाचून किसनशेठनी मला न विचारता त्यांच्या ओळखीचे एक महाराज बोलावले. प्रमुख पाहुणे!

महाराज तासभर सांख्य दर्शनातल्या पुरुष आणि प्रकृती यांवर बोलले. आवाज गोड. पोरं बिचारी वहीत लिहून घेत होती. एकीनं तर प्रकृतीला एक्स आणि पुरुषाला वाय असं नाव देऊन टाकलं होतं. माझं तोंड कसं झालं असेल, तुम्हीच बघा.

शेवटी प्रश्नोत्तरं. मागच्या बाकावरून एक पोरगं उठलं. "महाराज, तुमी एवढं सगळं सांगितलं, पन सॅम्पल किती घेतलं होतं?"

महाराज हसले. "एकच, बाळा. मीच."

काय टाळ्या पडल्या! किसनशेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "याला म्हन्तात कॉन्फरन्स!"

*

पोरांना कागदावरचे आकडे पुरे झाले म्हणून मी त्यांना गुडीहत्नूरच्या पुढच्या एका गावात सर्वेक्षणाला नेलं. म्हातारी माणसं आम्हाला बघून ओरडली, "मर्दुमशुमारीवाले आले!" जनगणनेला तिकडे अजून हाच शब्द आहे.

त्या गावची पल्लवी आमच्या दुसऱ्या वर्षाला होती. मोजायच्या कामात तिच्या तोडीचं कोणी नाही, पण मार्क बेताचे. तिनं एका आजीला विचारलं, "आजी, घरात मानसं किती?"

"तुला धरून का सोडून?"

"सोडून, आजी."

"काऊन वं? जेवाची नाही का तू?"

पल्लवीनं मुकाट्यानं एक वाढवला. संध्याकाळी पाहते तर सगळ्याच पोरांनी वाढवला होता. त्या गावातलं प्रत्येक कुटुंब आमच्या तक्त्यात एका माणसानं मोठं निघालं. मी ते खोडायला लावलं नाही. पोरं जेवली होती, ते काही खोटं नव्हतं.

*

आता यंदाचं सांगते.

यंदा मधली आली पल्लवी. कोणाला शंका घ्यायला जागा नाही, इतकी बरोब्बर मधली. त्यात हैदराबादच्या विद्यार्थी कॉन्फरन्सनं तिचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, स्वीकारला होता. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. हैदराबाद तिनं पाहिलेलं नव्हतं.

पेपरचा विषय कापूस. कापूस विकायला नेला, की आधी त्यात मॉइश्चर मीटर खुपसतात. ओल जास्त निघाली की भाव पडतो. पल्लवी सगळा हंगाम एका जिनिंगच्या गेटवर वही घेऊन बसली आणि गाडीगणिक मीटरचा आकडा लिहून घेतला. निघालं काय? शेतकऱ्यानं आणलेला कापूस ओला आणि व्यापाऱ्याच्या ट्रकमधला कोरडा. शिवार तेच, दिवसही तोच!

पेपरात जिनिंगचं नाव नव्हतं. पण किसनशेठ चेअरमन, मंजुरीवर सही त्यांची, आणि संध्याकाळपर्यंत कॉन्फरन्सला पल्लवीचं नाव कळवायचं होतं. कमिटीच्या बैठकीत, पल्लवीसमोरच, शेठनी पेपरची पानं उलटली. आलेख पाहिला. चष्मा काढला.

"विषय बदल," शेठ म्हणाले. "मिरचीवर कर."

"मिरचीचं मी मोजलं नाही जी," पल्लवी म्हणाली.

"मंग हा आलेख काढून टाक. बाकीचं वाच ना! कोन नाही म्हन्ते?"

"आलेखच तं पेपर हाये, शेठजी."

"मंग सही नाही होत!"

पोर काही रडली नाही. आता खोटं कशाला सांगू, मलाच रडू आलं, रागानं. हंगामभर उन्हात बसलेली पोर, आणि हा माणूस तिला मिरची सांगून राह्यला! मी म्हटलं, "शेठजी, तिनं स्वतःचं काहीच लिहिलेलं नाही. तुमच्या मीटरनं जे दाखवलं, तेच लिहिलं."

बोलून गेले आणि जीभ चावली. नाव कोणी घेतलंच नव्हतं ना!

शेठ लाल झाले. "म्हंजे माझा मीटर खोटा? माझा? आत्ताच्या आत्ता दाखवतो तुमाला!" त्यांनी फोन लावला आणि मीटर घेऊन यायला सांगितलं. काऊन, कशाला, काही नाही. नुसतं, "असशीन तसा ये!"

पल्लवीनं कॉन्फरन्सला दाखवायला घरचा कापूस पिशवीत आणला होता. तो तिनं टेबलावर ओतला. आम्ही सगळे वाट बघत बसलो. कोणी चहासुद्धा मागितला नाही.

गाडी वाजली. जिनिंगच्या गेटवर मीटर लावणारा पोचन्ना धापा टाकत आत आला. खांद्यावर मीटरची पेटी.

"लाव!" शेठ म्हणाले. "समद्यासमोर लाव! मोठ्यानं वाच!"

पोचन्नानं मीटर काढला. कापसाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग शेठच्या कानाशी वाकला. हळूच बोलायचं म्हणून वाकला असेल, पण जिनिंगच्या आवाजात जन्म गेलेला माणूस तो, आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"शेठ, माल कोनाचा हाये ते नाही सांगतलं तुमी. किती दाखवू?"

पेशकार काकांनी मंजुरीचा कागद शेठपुढे सरकवला. शेठनी सही केली.