चौदाव्या पावलावरचा बांध

आमच्या सेंटर फॉरवर्डच्या पायाचा अंगठा माझ्या स्वयंपाकघरात मोडला. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण लोणावळ्यात अजून दोन-चार म्हातारे शिल्लक आहेत आणि मी लपवलं तरी ते सांगतीलच.

तेव्हा मी इंजिन शेडमध्ये कारकून होतो आणि शेडच्या हॉकी संघाचा सेक्रेटरी. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे एक फायरमन. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणाऱ्या इंजिनात तो कोळसा मारायचा, त्यामुळे मनगटं अशी की त्याचा फटका हुकला तर चेंडू आणायला माणूस खंडाळ्याला पाठवावा लागे. एका दुपारी तो आमच्याकडे जेवायला होता. पान उचलल्यावर मीच म्हणालो, "मागच्या साली पलटणीवर गोल कसा मारलास, दाखव की जरा."

त्यानं धोतर खोचलं, हातात लाटणं घेतलं.

"भावजी, जपून," माझी बायको म्हणाली. "तिथं उखळ आहे."

"असू दे वहिनी. उखळाला गोलकीपर समजतो."

उखळ जमिनीत पुरलेलं, काठ वीतभर वर. तो धावत आला, आणि गोलकीपर जागचा हलला नाही.

आता यात रडण्यासारखं काय, तर मैदान. शेडच्या मागे आमचं मैदान होतं. लोणावळ्यात एवढी सपाट जागा म्हणजे टकल्याच्या डोक्यावरचा केस. आमच्या गोऱ्या फोरमनला ती कोळसा टाकायला हवी होती. त्यानं शेडसमोर सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "पुण्याच्या पलटणीला हरवा, मैदान तुमचं. हरलात किंवा बरोबरी झाली, तर दुसऱ्या दिवशी तिथं कोळसा." सामना पंधरा दिवसांवर, आणि अंगठा माझ्या घरी मोडलेला. शेडमध्ये मला कुणी तंबाखू विचारीना. इंजिनं पुसणारा एक खलाशी तर माझ्यासमोरच दुसऱ्याला म्हणाला, "ढीग झाला की त्यावर यांच्या उखळाची पाटी लावू."

बदली खेळाडू निवडायला तिघे बसलो. मी, फायरमन आणि आमचा कप्तान. कप्तान ड्रायव्हर होता, लोणावळ्याच्या बाजारातल्या जुन्या मुसलमान घरातला, सगळे त्याला चाचा म्हणत. फायरमनचं म्हणणं, "जागा माझी आहे, तिथं कोण उभा राहील ते मीच ठरवणार." आधी आमचा ब संघ पाहिला. त्यातला एक तारबाबू इतका सभ्य की चेंडू पायाशी आला तर समोरच्याला म्हणे, "आधी आपण घ्या." दुसरा पळायला वारा, पण एकदा सुटला तो थेट मळवलीच्या सिग्नलपाशी थांबला आणि चेंडू इकडे मैदानातच राहिलेला.

"माझ्यासारखा कुणी नाही," फायरमन समाधानानं म्हणाला.

"म्हणून तर अंगठा शाबूत ठेवायचा होतास," चाचा म्हणाला.

तेवढ्यात कामशेतच्या तांदळाच्या व्यापाऱ्याकडून कळलं की तिकडची खेडी भात कापून झालं की रिकाम्या खाचरांतून हॉकी खेळतात. काठ्या बाभळीच्या वाकड्या फांद्यांच्या, चेंडू लाकडाचा, आणि त्यांच्यात एक गडी असा की सात गावांत त्याला कुणी अडवू शकत नाही. आम्ही मालगाडीच्या शेवटी गार्डाच्या डब्यात बसून कामशेतला गेलो. फायरमनला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. वाटेत एका मावशीनं नवरदेव समजून त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

गड्याचा खेळ पाहिला आणि आमची तोंडं उघडी राहिली ती माशा जाईपर्यंत. चेंडू घेऊन तो निघाला की बाण, बांध आला की काठीनं चेंडू बांधावरून पलीकडे उडवायचा, आपण हरणासारखी उडी घ्यायची आणि पलीकडे चेंडू जमिनीला लागायच्या आत पुन्हा धाव. असे सहा बांध त्यानं ओलांडले. आमच्या तिघांपैकी दोघं शेतकऱ्यांची नातवंडं, तिसरा निम्मं मावळ इंजिनातून पाहिलेला. पण पुण्याच्या पलटणीशी सपाट मैदानावर खेळायचंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. चाचाच्या डोळ्यांत पाणी आलं. फायरमनच्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं.

"आमच्याकडून खेळशील का?" मी विचारलं.

गड्यानं कपाळ पुसलं. "खेळीन की, भाऊसाहेब. पर तुमचं मैदान पावसाळ्यात काय करतं?"

"काही नाही. पाण्यात बसतं."

"मग जिंकलो तर तितं मी भात लावनार. पावसाळ्यापुरतं. हाय कबूल?"

चाचानं माझ्याकडे पाहिलं, मी चाचाकडे. गडी चेष्टा करतोय, अशी दोघांची खात्री झाली. "कबूल," मी म्हणालो. अंगठ्याखाली दबलेला माणूस कशालाही कबूल म्हणतो.

गड्याच्या शेतात कामं होती, त्यामुळे तो उगवला थेट सामन्याच्या दिवशी. फायरमननं आपली स्टिक त्याला अशी दिली, जशी मुलगी सासरी देतात. बुली झाली, म्हणजे काठीला काठी ठोकून खेळ सुरू झाला, चेंडू गड्याकडे आला आणि तो निघाला. दहा पावलं, बारा, तेरा. चौदाव्या पावलाला सपाट मैदानात, समोर चिटपाखरू नसताना, त्यानं चेंडू हवेत उडवला आणि कमरेइतकी उडी मारली. पंचानं शिट्टी फुंकली. चेंडू असा उडवायचा नसतो. पुढच्या वेळी पुन्हा चौदा पावलं, पुन्हा उडी, पुन्हा शिट्टी. अर्ध्या तासात पंचाच्या शिट्टीतल्या वाटाण्याचं डाळीत रूपांतर झालं. पलटणीनं तेवढ्यात एक गोल केला. मैदानाच्या कडेला कोळशाच्या दोन वाघिणी आणून उभ्या केल्या होत्या आणि फोरमन त्यांच्याकडे पाहून पाइप ओढत होता.

मध्यंतरात आम्ही गड्याला घेरलं.

"अरे, उडतोस का?" चाचानं विचारलं.

"न्हाई उडलो तर आडकून पडीन की."

"कशात? इथं बांध नाही."

"मला दिसतंय की, चाचा. पर पायाला काय म्हाईत? आमची खाचरं चौदा पावलांची. जन्म गेला त्यात."

फायरमन खुर्चीतून म्हणाला, "मी म्हणालो होतो, माझ्यासारखा कुणी नाही." सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे उखळ होतं, त्याच्या शेजारी कोळशाचा ढीग.

अशा वेळी माणसाला पूर्वज आठवतात. मला माझे आबा आठवले, खोरं घेऊन बांधावर उभे. मी गड्याला बाजूला घेतलं. (चाचा पुढे मरेपर्यंत सांगायचा की ही युक्ती त्याची. चाचा दिलदार माणूस होता, पण खोटं बोलायचा.)

"तुझ्या बांधाला पाणी काढायला भोक असतं का?" मी विचारलं.

"व्हय. खालच्या अंगाला."

"कुठं असतं?"

"बराबर मधी."

"मग तू खुशाल उडी मार. चेंडू मात्र त्या भोकातून घाल."

गड्यानं स्टिकच्या टोकानं मातीत भोक आखून पाहिलं. "ह्ये जमंल," म्हणाला. "पर भोक बारीक हाय."

चाचानं अंतर मोजलं. गोलापासून मागे पावलं टाकत गेला आणि टाचेनं खूण केली. "इथं उभा राहा. चौदावं पाऊल गोलकीपरच्या नाकासमोर पडलं पाहिजे."

मध्यंतर संपलं, चेंडू त्याच्याकडे गेला आणि गडी सुटला. शेडची झाडून सगळी माणसं मोठ्यानं पावलं मोजत होती. चौदा म्हणताच तो उडाला. पलटणीचा गोलकीपर मान वर करून पाहत राहिला, तो अजून पाहतच असेल. चेंडू खालून, त्या नसलेल्या बांधाच्या नसलेल्या भोकातून, जमिनीला चिकटून गोलात गेला. फोरमनचा पाइप विझला.

दुसऱ्या वेळी पलटण शहाणी झाली होती. ते आमच्याबरोबर पावलं मोजायला लागले. त्यानं घोटाळा असा झाला की चौदाला गड्याबरोबर त्यांचे दोन्ही फुलबॅक आणि गोलकीपरही उडाले. चौघं हवेत, चेंडू एकटा जमिनीवर. सामना आम्ही जिंकला. पंच जाताना मैदानाच्या मध्यावर थांबला आणि कशावरून तरी जपून पाय उचलून पलीकडे गेला, हे मी स्वतः पाहिलं.

फोरमन शब्दाचा पक्का. वाघिणी हलल्या. मैदान वाचलं आणि मला पुन्हा तंबाखू मिळायला लागली.

ज्येष्ठात एका सकाळी शेडच्या फाटकाशी गडी उभा. मागे नांगर, चार बैल आणि निम्मं गाव.

"हे काय?" फोरमननं मला विचारलं.

"साहेब, शब्द दिलाय," मी म्हणालो. "आपण दिला होता, तसाच."

फोरमननं फाटक उघडायला लावलं. गड्यानं आठ दिवसांत आमच्या मैदानाला बांध घातले, बरोबर चौदा पावलांवर, आणि आंबेमोहोर लावला. रात्रपाळीचे ड्रायव्हर वासानं वेडे होऊन शेडजवळ गाडी हळू करायला लागले. भात कापलं, पण बांध काही कुणी मोडले नाहीत. चाचाच नको म्हणाला. त्या हिवाळ्यात पलटण पुन्हा आली, मैदान कुठं आहे म्हणून तासभर शोधलं आणि पहिल्या बांधाला अडखळून आठ गोलांनी हरून गेली. आमचा फायरमन मात्र अंगठा बरा होऊनही ब संघात गेला. त्याचं म्हणणं, तिथं माणसं सभ्य आहेत.

त्या भातातलं एक पोतं गड्यानं आमच्या घरी आणून टाकलं. बायकोनं ते त्याच उखळात कांडलं आणि फायरमनला जेवायला बोलावलं. तो आला. दारातूनच वाकून त्यानं उखळाकडे पाहिलं, मग भिंतीला धरून, मोठा वळसा घेऊन पाटावर बसला आणि दोन्ही पाय मांडीखाली घेतले.

"भावजी, मोकळे बसा," बायको म्हणाली. "ते काही धावत येत नाही."

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही वाढा." आणि पाय न हलवता चार वेळा भात मागून घेतला.