काकाकुव्यांचे मामा

आपलं उभं पीक पाखरांनी फस्त केलं की ज्यांचा चेहरा खुलायचा, असे गृहस्थ मी एकच पाहिले. ते म्हणजे आमचे मामा; नात्याने कुणी नव्हेत, सगळे मामाच म्हणायचे. मूळचे अकोल्याकडचे. आठवडाभर इकडे परदेशात डँडेनॉन्ग उपनगरातल्या एका कारखान्यात खोकी बांधायचे आणि रविवारी तासभर गाडी हाकून सूर्यफुलांकडे जायचे. युनिव्हर्सिटीत असताना मी त्यांच्या घरी भाड्याने राहायचे. रविवारी झोपून राहणं त्या घरात कुणाला जमलं नाही.

ही सूर्यफुलं बिल नावाच्या म्हाताऱ्याच्या अक्रोडाच्या बागेला लागून होती. पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवे दर वर्षी त्याच्या बागेची नासाडी करायचे. वैतागून त्याने त्यांना गोळ्या घालायची रीतसर परवानगी काढली. मामांनी त्याच्याकडे बांधालगतची पट्टी मागितली. पाखरं आधी माझ्याकडे जेवतील, तोवर बंदूक कपाटात ठेव, असं त्यांचं म्हणणं. बिल म्हणाला, "वन सीझन, मेट. दॅट्स इट."

मामा पेरणी मुद्दाम उशिरा करायचे, म्हणजे अक्रोड तयार होताना कणसं भरतात. काकाकुव्यांना ते 'मंडळी' म्हणत. मंडळी आज उशिरा आली, मंडळींना पूर्वेकडची ओळ आवडली, असं चारचौघांत इतक्या गंभीरपणे सांगायचे की नवखा माणूस व्याह्यांबद्दल बोलताहेत समजायचा.

त्या पहिल्याच हंगामात कणसं भरत आली आणि नेमकं त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. मामा अकोल्याला गेले. जाताना मला म्हणाले, "शेताकडे लक्ष ठेव." मी जळगावकडची, शेतकऱ्याची पोर. लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रविवारी जाऊन बघते तर शे-दीडशे काकाकुवे कणसांवर तुटून पडलेले. माझा जीव कळवळला. मी डबे बडवले, ओरडले, मामांचं कारखान्यातलं चमकतं जॅकेट काठीवर चढवून झकास बुजगावणं उभं केलं आणि मोठ्या ऐटीत फोटो पाठवला.

मामांचा लगेच फोन आला. रागावले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त लागलं. "अगं, पंगत वाढून दारात काठी घेऊन कुणी उभं राहतं का?"

मंडळी अर्थातच अक्रोडांवर गेली होती. दुसऱ्या दिवशी मी कामाची शिफ्ट बुडवून बिलकडे गेले. तो बंदूक पुसत बसला होता. मामांची काही चूक नाही, ती पाखरं मी हाकलली, पुढच्या रविवारपर्यंत थांबा, असं मी कसंबसं सांगितलं. रडूही आलं. त्याने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "यू पुट अ स्केअरक्रो इन द बर्ड पॅडक?" पाखरांच्या शेतात बुजगावणं! तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मला रविवारपर्यंत मुदत मिळाली. बुजगावणं मी त्याच दुपारी उपटलं. शनिवारी मंडळी परतली आणि आठवडाभरात पट्टी साफ झाली. अक्रोड गेले, पण थोडे. बंदूक कपाटात गेली ती गेलीच.

मामांनी परत आल्यावर तो विषय काढला नाही. पुढच्या हंगामात मात्र बियाण्याचं पोतं माझ्या गाडीत टाकलं. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता.

आता गुडघे थकले म्हणून मामा लेकीकडे ॲडलेडला गेलेत. त्यांच्यावाचून रविवार मोठा वाटतो. यंदाची पेरणी मी एकटीने केली. कणसं वाकली तरी एकही पाखरू दिसेना, तेव्हा बांधावरूनच त्यांना फोन लावला. खतात चुकलं का, बियाणं बदलू का, माझं सुरूच होतं.

"तुझं काम झालंय," मामा म्हणाले. "आता घरी जा."

भरलेलं शेत तसंच सोडून मी गाडीत बसले. फाटकाशी पोचले नाही तोच मागे मंडळींचा कलकलाट सुरू झाला. मी काच खाली केली आणि अजून चालू असलेला फोन मामांसाठी बाहेर धरला.