आत्याच्या नावाचं प्रवाळ

आमची आत्या संग्रहालयात प्रवाळं धुवायची. एकतीस वर्षं हेच काम. समुद्रातून आलेले तुकडे ती ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजत घालायची. वरचा मऊ, मांसल थर गळून गेला की खाली चुन्याचा पांढरा सांगाडा उरायचा, सगळा बारीक वाट्यावाट्यांचा. प्रत्येक वाटीत एक इवलासा प्राणी राहून गेलेला. मी चुकून "दगड" म्हटलं की ती डाफरायची, "दगड नाही, घरं आहेत ती!" वाटीतले उभे पडदे भिंगातून मोजायचे, सहा, बारा, चोवीस, त्यांची ठेवण बघायची आणि कूळ सांगायचं. शिक्षण चौथी, पण संग्रहालयातले शास्त्रज्ञ साहेबसुद्धा तिला विचारल्याशिवाय नावाची चिठ्ठी डकवत नसत.

निवृत्तीला सहा महिने राहिले असताना साहेबांना एका जुन्या ट्रेमध्ये ताटलीसारखा पातळ तुकडा सापडला. कुठल्याच जातीत बसेना. साहेब म्हणाले, "बाई, ही नवी जात दिसतेय. हिला तुमचंच नाव देणार." आत्याने त्या दिवशी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मला तर दोनदा.

मग फोटोसाठी तो तुकडा पुन्हा धुवायला तिच्याकडे आला. तुटक्या कडेला शिंपल्याने पोखरलेलं अर्धं भोक होतं. आत्याने ते भोक ओळखलं. आठ वर्षांपूर्वी एक भलंमोठं प्रवाळ बादलीत मावेना म्हणून तिनेच ते फोडलं होतं आणि घाईत दोन अर्ध्यांवर दोन वेगळे नंबर पडले होते. तिने कपाटातून दुसरा, फांद्याफांद्यांचा तुकडा काढला. भोकाला भोक जुळलं. वर उजेडात फुटलेल्या फांद्या, खाली सावलीत पसरलेली ताटली, प्रवाळ एकच.

संध्याकाळी तिने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मूग गिळून गप्प बस. कोणाला कळणार आहे?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली.

सकाळी तिने दोन्ही तुकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. "मीच फोडलं होतं, साहेब. नंबर चुकला माझा." साहेबांनी ते जोडले, सोडवले, परत जोडले. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती. मग ते म्हणाले, "लेख छापायला जायच्या आधी सांगितलंत, वाचवलंत मला."

घरी आल्यावर तिने हे सगळं अगदी कोरडेपणाने सांगितलं. मी म्हटलं, "बरं केलंस हं, आत्या."

"बरं कसलं डोंबलाचं!" ती म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. "मला हवं होतं गं ते."